पाळी, इन्शुलिन आणि स्नायू

मानेच्या मागील बाजूस काळपट, जाडसर आणि हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा दिसू लागला, की घरात पहिला प्रश्न येतो, "अंघोळ करताना मान घासत नाहीस का?" मग साबण होतो, डाळीचे पीठ होते, लिंबाची फोड होते. कातडी लाल होते, पण काळेपणा जात नाही. तो जाणार कसा? तो मळ नसतोच. रक्तातील इन्शुलिन दीर्घकाळ प्रमाणाबाहेर वाढलेले राहिले, तर मानेवरच्या आणि काखेतल्या त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढतात आणि त्वचा अशी जाड व काळसर होते.

असा पट्टा मुलग्यांतही दिसतो. पण एखाद्या मुलीला त्याच्या जोडीला आणखी काही तक्रारी असतात. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर व ओठांवर राठ केस येतात. चेहऱ्यावरच्या मुरमांचा हंगाम संपता संपत नाही. घरची माणसे मानेसाठी एक मलम आणतात, मुरमांसाठी दुसरे. आणि पाळीचा विषय निघाला, की "लग्न झाले म्हणजे होईल सगळे ठीक" असे म्हणून तो मिटवतात. वस्तुतः या साऱ्या तक्रारींच्या मागे एकच कारणमालिका असू शकते. तिला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम किंवा थोडक्यात पीसीओएस असे म्हणतात. बोलताना लोक 'पीसीओडी' असेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होऊ शकण्याच्या वयातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा ते तेरा जणींना हा विकार असतो आणि त्यांतल्या बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे साठ मुलींच्या वर्गातील सहा-सात जणींना पुढे केव्हातरी याला तोंड द्यावे लागणार.

या विकाराच्या उपचारात आहार आणि व्यायाम यांना पहिले स्थान आहे. हे ऐकून पुष्कळ मुलींना वाटते, की डॉक्टर आपल्याला आळशी आणि खादाड ठरवीत आहेत. तसे मुळीच नाही. अंडाशयाची तक्रार आणि पायांच्या स्नायूंचे काम यांचा संबंध काय, हे एकदा नीट कळले, की हा सल्ला म्हणजे दोषारोप नव्हे हे आपोआप पटते. तो संबंधच आज आपण पाहणार आहोत. विद्यार्थिमित्रांनो, हा लेख केवळ मुलींसाठी आहे असे समजून पान उलटू नका. यातला निम्म्याहून अधिक भाग तुमच्याही शरीराला लागू आहे.

अंडाशयातील मासिक निवड

स्त्रीच्या पोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचे एकेक अंडाशय असते. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व अंडपेशी असतात. वयात येईपर्यंत त्यांतल्या तीन-चार लाखच उरतात आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात त्या अवघ्या चार-पाचशे.

प्रत्येक अंडपेशी एका सूक्ष्म पिशवीत बसलेली असते. या पिशवीला पुटक म्हणतात. दर महिन्याला काही पुटके एकदम वाढू लागतात. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पोष ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. संप्रेरके म्हणजे रक्तातून जाणारे रासायनिक निरोपे. त्यांतला एक निरोप पुटकांना वाढायला सांगतो. त्याचे नाव एफएसएच. दुसरा एलएच. या दोहोंचा तोल बरोबर असला, तर वाढणाऱ्या पुटकांपैकी एक पुढे निघून जाते, सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचे होते आणि फुटून अंडपेशी बाहेर पडते. बाकीची सुकून जातात. अंडपेशी बाहेर पडल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी, गर्भधारणा झाली नसेल तर, पाळी येते.

आता असे समजा, की ही निवडच झाली नाही. पुटके थोडी वाढली आणि मध्येच थांबली. एकही पुढे गेले नाही. मग अंडपेशी बाहेर पडत नाही आणि पाळीही वेळेवर येत नाही. अर्धवट वाढलेली, दोन ते नऊ मिलिमीटरची पुटके अंडाशयात तशीच दाटून राहतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती काळ्या मण्यांच्या माळेसारखी दिसतात.

एका नावाची कथा

१९३५ साली अमेरिकेतील शिकागो शहरात इर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. या स्त्रियांना पाळी येत नव्हती आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांची अंडाशये मोठी व लहान लहान पिशव्यांनी भरलेली आढळली. डॉक्टरांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. आश्चर्य असे, की त्यानंतर पाळी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे हा विकार 'स्टाइन-लेव्हेन्थल' याच नावाने ओळखला गेला आणि त्याचा उगम अंडाशयातच आहे असे मानले गेले.

पण सिस्ट म्हणजे गळू किंवा गाठ, आणि येथे तर गाठी नसतातच. असतात ती अर्धवट राहिलेली पुटके. 'अंडाशयात गाठी आहेत' हे ऐकून मुलगी आणि तिची आई दोघीही घाबरून जातात; त्या भीतीला आधार नाही. नावामुळे होणाऱ्या या गैरसमजापायी २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने हे नाव बदलावे अशी शिफारसही केली होती.

मुळात हा विकार केवळ अंडाशयाचा नाहीच, हे १९८० सालापासून स्पष्ट होऊ लागले. त्या वर्षी अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की अशा स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाण वाढलेले असते. इन्शुलिन म्हटले, की आपल्याला मधुमेह आठवतो. त्याचा पाळीशी काय संबंध?

ऐकू न येणारे स्नायू आणि तिखट कानाचे अंडाशय

आपण भाकरी, भात, पोळी खातो. त्यांतील पिष्टाचे पचन होऊन ग्लुकोज ही साखर रक्तात येते. लगेच स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर पडते. इन्शुलिन स्नायूंच्या पेशींना निरोप देते, "साखर आली आहे, दारे उघडा." पेशीच्या आत साखर वाहून नेणारी प्रथिने तयारच असतात. निरोप मिळताच ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. जेवणानंतर इन्शुलिनच्या हुकमाने जी साखर रक्तातून उचलली जाते, तिचा बहुतांश भाग स्नायूंत जातो. म्हणजे स्नायू हे आपले साखरेचे सर्वांत मोठे गोदाम आहे.

काही जणांच्या स्नायूंना हा निरोप नीट 'ऐकू' येत नाही. याला इन्शुलिन-रोध म्हणतात. घरातल्या आजोबांना कमी ऐकू येऊ लागले, तर आपण काय करतो? मोठ्याने बोलतो. स्वादुपिंडही तेच करते. ते दुप्पट-तिप्पट इन्शुलिन सोडते. त्यामुळे साखर काही वर्षे आटोक्यात राहते आणि साधी रक्तशर्करेची तपासणी ठीक येते. पण घरात मोठ्याने बोलले, की ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना त्रास होतो. येथेही तसेच घडते. स्नायू बहिरे झालेले असतात, पण अंडाशयाचे कान तिखट असतात. जादा इन्शुलिन आणि एलएच मिळून अंडाशयातील पेशींना टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन संप्रेरके अधिक बनवायला लावतात.

टेस्टोस्टेरॉन केवळ पुरुषांतच असते असे नाही. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात ते थोडे असतेच. यकृतात तयार होणारे एक प्रथिन त्याला बांधून ठेवते. इन्शुलिन वाढले, की हे प्रथिन कमी बनते. म्हणजे एकीकडे टेस्टोस्टेरॉन वाढले आणि दुसरीकडे त्याचा दोर सुटला. मोकळे झालेले टेस्टोस्टेरॉन त्वचेपर्यंत पोचते. त्याने मुरमे येतात आणि केस राठ होतात. अंडाशयात ते पुटकांची वाढ मध्येच थांबवते. त्याने पाळी लांबते. आणि मानेवर तेच इन्शुलिन काळा पट्टा उमटवते. तीन तक्रारी, पण धागा एक.

हा धागा प्रत्येकीत सारखाच जाड नसतो. काहींत इन्शुलिनचा वाटा मोठा, काहींत मेंदूतून येणाऱ्या निरोपांच्या बिघाडाचा. आनुवंशिकताही असते. आईला, मावशीला, आत्याला हा त्रास असेल, किंवा घरात मधुमेह असेल, तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच 'तू असे खाल्लेस म्हणून तुला हे झाले' असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्याही चूक आहे.

'मी तर बारीक आहे!'

पीसीओएस म्हणजे लठ्ठ मुलींचा आजार, हा आणखी एक गैरसमज. सडपातळ मुलींतही तो आढळतो. याचे एक कारण समजण्यासाठी पुण्यातील एका संशोधकाची गोष्ट उपयोगी पडेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की देहभार निर्देशांक मिळतो. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३ इतका होता. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय माणसाच्या बारीक दिसणाऱ्या देहात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, ही गोष्ट या एका छायाचित्राने जगापुढे आणली.

स्नायू कमी म्हणजे साखरेचे गोदाम लहान. म्हणून वजनकाटा जे सांगतो, ते अपुरे असते. बारीक मुलीलाही व्यायामाची गरज असते आणि वजन कमी न होताही व्यायामाचा फायदा होतो. तो कसा, ते आता पाहू.

दुसरे दार

इन्शुलिनच्या निरोपाने स्नायूपेशीची दारे उघडतात, हे आपण पाहिले. परंतु ही दारे उघडण्याची आणखी एक युक्ती निसर्गाने ठेवलेली आहे. स्नायू आकुंचन पावू लागला, की पेशीतील इंधन खर्च होते, कॅल्शियमची हालचाल होते आणि त्या खुणेवरच साखर वाहणारी प्रथिने पृष्ठभागावर येतात. इन्शुलिनची परवानगी त्यांना लागत नाही. इन्शुलिनचा आवाज ज्या स्नायूला ऐकू येत नाही, तोही स्वतः काम करू लागला की साखर ओढून घेतो!

एवढेच नव्हे, तर व्यायाम संपल्यावरही साधारण एक ते दोन दिवस त्या स्नायूला इन्शुलिनचा निरोप अधिक चांगला ऐकू येतो. स्वादुपिंडाला ओरडावे लागत नाही. रक्तातील इन्शुलिन उतरते, यकृतातील ते बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, टेस्टोस्टेरॉन आवरले जाते आणि पुटकांना पुढे वाढायला वाव मिळतो.

व्यायामाचा हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, यातच व्यायामाचे वेळापत्रक दडलेले आहे. रविवारी तीन तास टेकडी चढून आठवडाभर बसून राहण्यापेक्षा रोज थोडा व्यायाम अधिक उपयोगी. दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नये.

किती आणि कोणता?

पीसीओएससंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२३ साली नव्याने प्रसिद्ध झाल्या. त्यांत प्रौढ स्त्रियांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी अपेक्षा अधिक आहे: रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून तीनदा स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम.

मध्यम म्हणजे किती? त्यासाठी यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्या मैत्रिणीशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस.

साठ मिनिटे सलग काढावी लागत नाहीत. शाळेत चालत किंवा सायकलने जाणे, मधल्या सुट्टीत लंगडी किंवा खो-खो, संध्याकाळी दोरीवरच्या उड्या, असे तुकडे जोडले तरी चालते. बळाच्या व्यायामालाही लोखंडी वजने लागत नाहीत. सूर्यनमस्कार, भिंतीला हात टेकून काढलेले जोर आणि उठाबशा पुरतात. मांड्यांचे स्नायू शरीरातील मोठ्या स्नायूंपैकी आहेत, त्यामुळे उठाबशा हा साखर खर्च करण्याचा उत्तम उपाय आहे. आपल्याकडे मात्र त्या शिक्षेसाठीच राखून ठेवल्या आहेत!

आपल्या घरांत जेवणानंतर शतपावली करण्याची चांगली पद्धत आहे. जेवणानंतर रक्तात साखर येत असते, नेमके तेव्हाच पायांचे स्नायू ती उचलू लागतात. पण मध्यम वेगाने चालताना मिनिटाला सुमारे शंभर पावले पडतात. म्हणजे शतपावली मिनिटभरातच आटोपली! तिची हजारपावली करा. दहा मिनिटे लागतील.

ताटात काय असावे?

कोणता एक खास आहार पीसीओएस बरा करतो का? याचे उत्तर स्पष्ट आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अमुक आहारपद्धती दुसऱ्या समतोल आहारापेक्षा श्रेष्ठ आहे असा पुरावा नाही. तेव्हा परदेशी फळांच्या, महागड्या पावडरींच्या आणि 'एकवीस दिवसांत पाळी नियमित' अशा जाहिरातींच्या मागे लागून पैसे घालवू नका. जो समतोल आहार आपल्या घरात, आपल्या खर्चात वर्षानुवर्षे चालू शकतो, तोच उत्तम.

तो निवडताना एक तत्त्व मात्र लक्षात ठेवावे: साखर रक्तात लोंढ्यासारखी न येता झिरपत आली, तर इन्शुलिनही बेताचेच लागते. १९८१ साली कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ खाद्यपदार्थ निरोगी स्वयंसेवकांना खायला देऊन त्यांची रक्तातील साखर मोजली. पिष्ट तेवढेच असले तरी पदार्थागणिक साखर वेगवेगळ्या वेगाने चढते, असे दिसून आले. कडधान्यांनी साखर सर्वांत सावकाश चढते हेही त्यात आढळले. म्हणजे आपली मटकीची उसळ, हरभरा, चवळी आणि मूग हे पदार्थ प्रयोगाच्या कसोटीला उतरलेले आहेत.

यावरून ताटाची आखणी करू. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद, हिने सुचविलेल्या ताटात निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असतो. उरलेल्या निम्म्यात धान्य, तसेच डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे. आपल्या बहुतेक ताटांत उलटे असते. भाताचा डोंगर मध्ये आणि भाजी लोणच्याएवढी! भात सोडण्याची गरज नाही. डोंगराची टेकडी करावी आणि भाजी, उसळ, कोशिंबीर यांची जागा वाढवावी. आधी कोशिंबीर-उसळ आणि मग भात-पोळी अशा क्रमाने जेवल्यास साखर कमी उसळते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या भाकरीत कोंडा शाबूत असतो, म्हणून तंतू अधिक मिळतात. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. नुसत्या चार भाकऱ्या चटणीबरोबर खाण्यापेक्षा दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि पालेभाजी हे जेवण बरे. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे यांच्या चटण्यांतून चांगली स्निग्ध द्रव्ये मिळतात. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पोहे-उपमा करताना त्यात मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी घातली, की त्याच नाश्त्याचे रूप बदलते.

सर्वांत मोठा फरक पडतो तो पातळ साखरेने. ३०० मिलिलिटर शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ सहा चहाचे चमचे. ती चावावी लागत नाही आणि तिच्याबरोबर तंतूही नसतात. काही मिनिटांत ती रक्तात पोचू लागते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एका बाटलीतच ती मर्यादा ओलांडली जाते. त्याऐवजी ताक, पाणी, बिनसाखरेचे कोकम चालेल. रस काढण्याऐवजी संत्रे, पेरू अख्खे खावे.

उपवासाचे काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. दिवसभर काही न खाता मग ताटभर साबुदाण्याची खिचडी खाणे, म्हणजे स्वादुपिंडाला आधी झोपवून मग दचकून उठवणे होय. उपवास करायचाच असेल, तर दही, शेंगदाणे, राजगिरा, फळे यांना जागा द्या.

उपाशी राहणे हा उपाय नव्हे

येथे एक धोक्याची सूचना लक्षपूर्वक वाचा. आहार सांभाळणे आणि उपाशी राहणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत. शरीराला पुरेसे अन्न मिळाले नाही, किंवा खाणे थोडे आणि व्यायाम अतोनात झाला, तर मेंदू अंडाशयांना निरोप पाठवणेच थांबवतो. पाळी त्यामुळेही बंद पडते! लक्षण तेच, पण कारण अगदी उलटे. पीसीओएसवर उपाय म्हणून नाश्ता आणि जेवण सोडणारी मुलगी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडू शकते. शिवाय तुमच्या वयात हाडे घडत असतात आणि उंची वाढत असते. तेव्हा उपासमार मुळीच नको.

ज्या प्रौढ स्त्रियांचे वजन बरेच अधिक आहे, त्यांना ते थोडे घटल्यानेही लाभ होतो. १९९२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ लठ्ठ स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेक महिने कमी उष्मांकांचा आहार दिला होता. त्यांतील १३ जणींचे वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले. या तेरांपैकी ११ जणींची पाळी आधी बिघडलेली होती. त्यांतल्या नऊ जणींमध्ये सुधारणा झाली. पाच टक्के म्हणजे किती? ८० किलोग्रॅम वजनात चार किलोग्रॅम. चित्रातल्या नटीसारखे दिसण्याची अट अंडाशय घालीत नाही. वाढत्या वयाच्या मुलींनी मात्र वजन घटवायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पुष्कळदा वजन न घटवता, उंची वाढेपर्यंत ते आहे तेथे राखणे पुरेसे होते.

स्वतःच निदान करू नका

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "माझी पाळी गेल्या महिन्यात दहा दिवस लांबली, मला नक्कीच पीसीओएस!" असे नव्हे. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. मेंदू आणि अंडाशय यांची घडी बसायला वेळ लागतो. पुढील खुणा मात्र लक्षात ठेवा:

पहिल्या पाळीला एक ते तीन वर्षे झाली असताना दोन पाळ्यांमधील अंतर वारंवार २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून अधिक असेल. तीन वर्षांनंतर ते २१ दिवसांहून कमी किंवा ३५ दिवसांहून अधिक असेल. पहिले वर्ष उलटल्यावर एकदाही ९० दिवसांहून मोठा खंड पडला असेल. किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. दिनदर्शिकेवर तारखेला खूण करण्याची सवय लावा. डॉक्टरांपुढे ती दिनदर्शिका ठेवली, की अर्धे काम होते.

थायरॉइडच्या आणि इतर काही विकारांतही पाळी बिघडते, म्हणून आधी रक्ततपासणी करून ती कारणे वगळावी लागतात. किशोरवयीन मुलींच्या अंडाशयात पुष्कळ पुटके दिसणे नैसर्गिकच असते. म्हणून पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे २०२३ च्या सूचना सांगतात. गरज पडल्यास डॉक्टर गोळ्याही देतात. आहार-व्यायाम हा पाया आहे. पण औषध घ्यावे लागले म्हणजे मुलगी नापास झाली असे नाही. आणि लग्नाने हा विकार बरा होत नाही, तसेच त्यामुळे मूल होतच नाही असेही नाही. या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांना मुले होतात, काहींना उपचारांची मदत लागते इतकेच. दुर्लक्ष केले, तर मात्र पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. मन खिन्न राहणे, काळजी वाटणे हेही या विकारात अधिक आढळते. त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलावे.

शिक्षकांसाठी

शिक्षकहो, या विषयात शाळेला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. दहावीचे वर्ष आले, की खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो आणि मुलींच्या बाबतीत तर तो आठवीपासूनच आटतो. तो तास म्हणजे वेळेचा अपव्यय नसून स्नायूंचे गोदाम बांधण्याचा काळ आहे. हनुवटीवरचे केस, मुरमे, वजन यांवरून वर्गात होणारी थट्टा ताबडतोब थांबवावी. 'मिशीवाली' हा एक शब्द मुलीला मैदानावरूनच नव्हे, तर शाळेतूनही दूर नेऊ शकतो. आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातील प्रजननसंस्थेचा पाठ 'घरी वाचा' म्हणून सोडून देऊ नये. मुलगे आणि मुली यांना तो एकत्र बसवून शिकवावा.

करून पाहा

एका वहीत सात दिवस दोन रकाने आखा. पहिल्यात श्वास वाढेल अशा हालचालीची मिनिटे लिहा, दुसऱ्यात झोप सोडून बसण्यात गेलेली मिनिटे. आठवड्याच्या शेवटी दोन्हींची बेरीज करा. वर्गातील मुलांची सरासरी वेगळी काढा आणि मुलींची वेगळी. बहुधा दोन्ही आकडे रोजच्या साठ मिनिटांपेक्षा कमी निघतील. कोणाचा आकडा अधिक कमी आहे, आणि का? मैदान कोणाच्या ताब्यात असते? संध्याकाळी घरकामासाठी कोण थांबते? अंधार पडण्यापूर्वी घरी परतण्याची अट कोणाला असते? ही कारणे फळ्यावर लिहा आणि त्यांतले कोणते एक कारण पुढच्या महिन्यात दूर करता येईल, ते वर्गाने मिळून ठरवा. व्यायाम व्यक्तीने करायचा असतो हे खरे. पण त्याला लागणारी जागा आणि वेळ सर्वांनी मिळूनच द्यावी लागते.